अर्ध्या किलोचा पोर्कोल्त

आमच्या गावात कुणालाही विचारा, पोर्कोल्त, म्हणजे आमचा मांसाचा दाट रस्सा, कुणाच्या हातचा खावा? आम्ब्रुशच्या, असंच उत्तर मिळेल. मी स्वतःची टिमकी वाजवत नाहीये, आहे ते सांगतोय. ऑगस्टमधला गावदिवस असो, फुटबॉल क्लबची जत्रा असो, नाहीतर कुणाच्या पोरीचं लग्न, लोखंडी तिकाटण्याला मोठी कढई टांगली की मला बोलावणं आलंच. तीस किलो डुकराचं मांस, पंधरा किलो कांदा, तीन किलो चरबी, बारा मुठी पाप्रिका म्हणजे गोड्या लाल मिरचीची पूड. गाढ झोपेतून उठवून विचारलंत तरी घडाघडा म्हणून दाखवीन. तीन तास मंद जाळावर ठेवला की असा दाट, लालभडक रस्सा होतो की माणसं पावाने ताट पुसून पुसून धुतल्यासारखं करून ठेवतात.

म्हणून तर एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी माझी बायको विल्मा पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "आम्ब्रुश, मला तुझ्या हातचा पोर्कोल्त खावासा वाटतोय," तेव्हा मला काय झालं म्हणून सांगू! मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि दार लावून घेऊन दोन मिनिटं नुसता उभा राहिलो.

का, ते सांगतो. विल्माला पित्ताचे खडे होते. दोन वर्षं पोटात दुखतंय म्हणायची आणि मी म्हणायचो, गॅस असेल. मार्चमध्ये एका सकाळी चुलीपुढेच दुमडून खाली बसली ती उठलीच नाही. स्वादुपिंडाला सूज आली होती. अठरा दिवस जिल्ह्याच्या हॉस्पिटलात काढले, पित्ताशय काढून टाकलं, आणि अठ्ठावन्न किलोची माझी बायको त्रेचाळीस किलोची होऊन घरी आली. गाडीतून तिला उचलून घेतली तर हाताला वजनच लागेना. मी ट्रॅक्टरची इंजिनं उचललेला माणूस, पण ते हलकं ओझं मला पेलवलं नाही, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर ती खाईना. रव्याची खीर केली, दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. बटाटे उकडले, गाजरं उकडली, काय काय उकडलं! "ठेव तिथे, खाते नंतर," म्हणायची आणि ते 'नंतर' काही यायचं नाही. ताटं तशीच परत जायची. शेजाऱ्याचा कुत्रा मात्र माझ्या उकडलेल्या गाजरांवर चांगला गुटगुटीत झाला.

गुरुवारी तपासणीला नेलं. काटा बेचाळीस किलो तीनशेवर थांबला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड, पण त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही.

"आम्ब्रुश काका, सोमवारी परत आणा. बेचाळीसच्या खाली गेल्या तर मला त्यांना दाखल करून घ्यावं लागेल. नाकातून नळी घालून भरवावं लागेल."

"आणि खाल्लं तर?"

"खाल्लं तर काही प्रश्नच नाही. चरबी मात्र औषधालासुद्धा नको. एखादा चमचा तेल चालेल, बिनचरबीचं मांस चालेल. पण आधी त्यांना खावंसं वाटायला हवं ना."

परत येताना गाडीत विल्मा खिडकीबाहेर बघत बसली होती. जर्दाळूची झाडं फुलली होती रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. एरवी तिने मला दहादा गाडी थांबवायला लावली असती. मग म्हणाली, "माझ्या शेजारच्या खाटेवर ती बाई होती ना, तिला नळी घातली होती. नऊ दिवस. मग खाट रिकामी झाली."

"ती म्हातारी होती."

"माझ्याएवढीच होती. आम्ब्रुश, मला परत तिकडे नेऊ नकोस. तिथून मी काही परत यायची नाही."

"मग खा की गं बाई! चिमणीसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त खाते!"

मी ओरडलो. मला भीती वाटली की मी ओरडतो, लहानपणापासूनची खोड आहे. ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

आता कळलं ना, शुक्रवारी तिने स्वतःहून काहीतरी मागितलं तेव्हा मी दार लावून का उभा राहिलो ते? आणि मागितलं तेही काय, तर माझ्या हातचा पोर्कोल्त! उकडलेल्या गाजरांचे दिवस संपले म्हणून मी अंगणात गेलो, मोठी कढई बाहेर काढली, आणि मग एकदम आठवलं. चरबी नाही. चरबीशिवाय पोर्कोल्त? म्हणजे इंजिनाशिवाय ट्रॅक्टर. उतारावरून ढकलला तर जाईल, पण कुठे जाईल ते कोण सांगणार?

मी मुलीला फोन लावला. एमोके व्हिएन्नात एका हॉटेलात कामाला आहे, तिथे सगळे हलकंफुलकंच खातात म्हणे.

"बाबा, सोपं आहे," ती म्हणाली. "एक चमचा ऑलिव्हचं तेल घाला. मांस मांडीचं घ्या, पांढरा भाग सगळा काढून टाका. आईला मांस जड वाटलं तर टोफू घाला."

"ते काय असतं?"

"सोयाबीनचं चीज."

"मी फोन ठेवतो."

"बाबा, आईला विचारा ना कसं करायचं ते!"

"पोर्कोल्त कसा करायचा ते मी विचारू? मी?" असं म्हणून खरंच फोन ठेवला.

जानेवारीत आम्ही डुक्कर कापलं होतं, त्यातलं मांडीचं मांस फ्रीजरमध्ये होतं. शनिवारी सकाळी अर्धा किलो बाहेर काढलं. एवढंसं ते! मांस कसलं, वाटीभर चिंगळ्या वाटत होत्या. मोठ्या कढईत टाकलं असतं तर पुन्हा सापडलं नसतं. शेवटी विल्माचं निळ्या मुलाम्याचं पातेलं घेतलं, गॅसवर ठेवलं आणि हिशोबाला बसलो. तीस किलोला पंधरा किलो कांदा, म्हणजे अर्ध्या किलोला पाव किलो. इथवर ठीक. तीस किलोला बारा मुठी पाप्रिका, म्हणजे अर्ध्या किलोला एका मुठीचा पाचवा हिस्सा. आता मुठीचा पाचवा हिस्सा म्हणजे किती बोटं धरायची? हसू नका. चाळीस वर्षं मी दीडशे माणसांच्या खालचा स्वयंपाकच केला नव्हता. आमच्याकडच्या पुरुषांचं असंच असतं. चूल अंगणात असेल आणि गाव बघायला जमलेलं असेल तर आम्ही शेफ. घरातल्या गॅसपुढे कुणी उभं केलंच नाही, आणि आम्हीही कधी हौसेने गेलो नाही.

मग कांदा घेतला. सोलला. सुरी हातात धरली आणि तसाच थांबलो. मला कांदा कापता येत नव्हता.

म्हणजे, दोन तुकडे करता येतात हो, तेवढा काही मी अडाणी नाही. पण पोर्कोल्तचा कांदा बारीक लागतो, इतका बारीक की रश्श्यात विरघळून दिसेनासा होतो. आणि तो मी कधी कापलाच नव्हता. मी सकाळी नऊ वाजता टोपी घालून यायचो, तेव्हा कांदा टोपलीत तयार असायचा. मांस कापून तयार, लसूण ठेचून तयार, पाप्रिका मोजून तयार. मी जाळ पेटवायचो, एक पेला पालिंका, आमची फळांची दारू, घ्यायचो आणि सुरू करायचो. कांदा कुठून येतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आता पडला, तेव्हा जरा चमत्कारिक वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता. दिसेल तसा कापला. तुकडे असे झाले की त्यातला एखादा डोक्यात बसला असता तर खोक पडली असती.

"काय चाललंय?" विल्माने आतून विचारलं.

"तू पडून राहा! मला शिकवू नकोस!"

एक चमचा तेल तापवलं, त्यात कांदा टाकला. तो काही मऊ व्हायला तयार नाही. कढईत कसा चरबीत पोहत असतो, इथे बिचारा कोरड्या तव्यावर बसल्यासारखा करपायला लागला. आता मऊ होईल, मग मऊ होईल म्हणून मी गॅस वाढवला, आणि त्यावरच एक चिमूट, मग अजून एक चिमूट पाप्रिका टाकली.

एवढ्यात खोलीतून आवाज आला, "आम्ब्रुश, पाप्रिका जळली."

"नाही जळली!"

"मला वास आला."

"तुला ताप आलाय!"

जळली होती. कढईत तीन किलो चरबी असते, पाप्रिका टाकून गप्पा मारत बसलात तरी ती सांभाळून घेते. चमचाभर तेलात ती डोळ्याची पापणी लवायच्या आत काळी पडते आणि कडू होते. मला हे माहीत नव्हतं का? होतं. शेंबड्या पोरालाही आमच्याकडे ठाऊक असतं की पातेलं आधी जाळावरून उतरवायचं आणि मग पाप्रिका घालायची. पण तिला सांगू कसं की गावचा आम्ब्रुश पाप्रिका जाळून बसलाय? वर पाणी ओतलं, निम्मं मांस टाकलं, झाकण ठेवलं, आणि दीड तासाने ते तपकिरी काहीतरी बशीत घालून तिच्यापुढे ठेवलं.

तिने माझ्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं आणि एक घास तोंडात घातला. केवळ माझ्यासाठी. चावला, गिळला, आणि लगेच रुमालात तोंड धरलं. सगळं उलटून पडलं, सकाळी घेतलेला चहासुद्धा. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळी खीर नेली तर नको म्हणाली. रात्री पाणी पुढे केलं, ते तेवढं घेतलं.

"आता पोर्कोल्तचं नावसुद्धा नको काढूस," एवढंच बोलली.

तीन आठवड्यांत तिला एकच गोष्ट खावीशी वाटली होती आणि ती मी तिच्या तोंडातून काढून घेतली. गर्वापायी, दुसरं काय? एक शब्द विचारला असता तर माझी टोपी खाली पडणार नव्हती. रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या. बेचाळीस किलो तीनशे, त्यातून आजचे किती गेले असतील, हेच डोक्यात घोळत होतं.

रविवारी सकाळी तिच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसलो.

"विल्मा."

"हं."

"मला कांदा कापता येत नाही."

तिने मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"पुन्हा बोल."

"एकदा बोललो ते बास नाही का?"

"मला नीट ऐकू नाही आलं."

"मला कांदा कापता येत नाही आणि पाप्रिका मी जाळली. झालं समाधान? आता ऊठ आणि मला सांग. नाहीतर उद्या तुला तिकडे न्यावं लागेल आणि मग मी या घरात एकटा काय करू? उकडलेली गाजरं खाऊ?"

ती उठून बसली आणि म्हणाली, "शाल दे."

मी तिला स्वयंपाकघरात आणून खुर्चीत बसवली, पाठीशी उशी दिली, पायांवर घोंगडी टाकली. खिडकीतून ऊन येत होतं. फ्रीजरमधलं आणखी मांस काढायला वेळ नव्हता, कालचं पाव किलो उरलं होतं तेवढंच. ती त्या पाव किलोकडे बघून म्हणाली, "पुरे आहे. आपण दोघंच तर आहोत."

"सांग आता."

"कांदा मधून काप. आता आडवा ठेव. अरे, मुळाकडची बाजू नको काढूस, ती धरून ठेवते सगळं. उभे काप दे. आणखी जवळ. आणखी. एवढी घाई कशाला करतोस, पाहुणे दारात आलेत का?"

"डोळे झोंबतात."

"झोंबू दे. माझे चाळीस वर्षं झोंबले."

एका कांद्याला मला पंधरा मिनिटं लागली. दुसऱ्याला बारा. तिला विचारलं, बारीक आहे का? ती म्हणाली, चालेल, आणि तिच्या तोंडावरून कळलं की चालण्यासारखा नव्हता. पण पुढे म्हणाली, "पातेल्यात टाक. चमचाभर तेल. चिमूटभर मीठ, आणि दोन चमचे पाणी."

"कांद्यात पाणी?"

"तुला चरबी घालायची नाहीये ना? मग कांद्याला मऊ कोण करणार, तू समजूत घालून? पाणी घाल, झाकण ठेव आणि गॅस बारीक कर. पाणी आटलं की पुन्हा दोन चमचे. बस इकडे."

मी बसलो. ही बसायची गोष्ट मला नवीन होती. कढईपाशी मी उभा असतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत असतो. इथे नुसतं झाकणाखालून फसफस आवाज येत होता आणि आम्ही दोघं तो ऐकत बसलो होतो. दर पाच मिनिटांनी ती मान हलवायची आणि मी दोन चमचे पाणी घालायचो. अर्ध्या तासाने झाकण काढलं तर कांदा लोण्यासारखा झाला होता. चरबी नाही, काही नाही! मी थक्क झालो.

"घरी मी करायचे तो आठवतो का तुला?" तिने विचारलं. "एरवीच्या दिवशी?"

"आठवतो की. बरा असायचा."

"बरा!"

"म्हणजे चांगला असायचा. कढईची सर नसायची एवढंच."

"आता पातेलं खाली उतरव," ती म्हणाली. "खाली म्हणजे गॅसवरून बाजूला. तिकडे, लाकडी फळीवर. आणि दहापर्यंत मोज."

मी मोठ्याने दहापर्यंत मोजलं, शाळेतल्या पोरासारखं. मग एक चमचा पाप्रिका घातली, ढवळली, आणि ती "पाणी!" म्हणून ओरडायच्या आत अर्धा पेला पाणी ओतलं. तो वास आला बघा. गोड, उन्हात वाळवलेल्या पाप्रिकाच्या माळांचा. विल्माने डोळे मिटून नाकाने तो आत ओढून घेतला, आणि कालपासून पहिल्यांदा माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग मांस, लसणाची एक पाकळी, चिमूटभर कॅरवेचं जिरं, एक टोमॅटो, एक हिरवी ढोबळी मिरची. पाणी थोडंथोडंच, बुडेल एवढं कधीच नाही. सव्वा तास. मधे ती खुर्चीतच पेंगली, पण रस्सा तळाला लागायला आला की डोळे न उघडता म्हणायची, "पाणी." मी बाजूला बटाटे उकडले, ते तर आता मला झोपेतही जमतात.

चर्चची बाराची घंटा वाजली तेव्हा मी ताटं वाढली. पातेलं निपटून दोन ताटं झाली, एक तिच्यापुढे, एक माझ्यापुढे. मी काटा हातात घेतला पण जेवायला सुचेना. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

पहिला घास घेतला. चावला. थांबली. मी रुमाल पुढे केला.

दुसरा घास घेतला. मग तिसरा. बटाटा कुस्करून रश्श्यात कालवला. मान खाली घालून, काहीही न बोलता ती जेवत होती, हळूहळू, पण थांबत नव्हती. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो, न जाणो मधेच काही बिनसलं तर. तिने सगळं संपवलं. मग पावाच्या तुकड्याने ताट पुसलं, तो तुकडा खाल्ला, आणि ओशाळल्यासारखं पातेल्याकडे बघत म्हणाली, "अजून आहे का रे?"

पातेलं रिकामं होतं. मी माझं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"हे घे. मला भूक नाहीये."

तिने काटा उचलला आणि तसाच हातात धरून हसायला लागली. टाक्यांवर हात दाबून हसत होती.

"काय झालं? टाके दुखतील गं!"

"काही नाही. अगदी माझ्यासारखंच म्हणालास."

"म्हणजे?"

"गावदिवसाला सगळ्यांना वाढून झालं की तू विचारायचास ना, 'विल्मा, तू जेवलीस का?' आणि मी काय म्हणायचे?"

मला आठवलं. ती हातात पावाची टोपली घेऊन उभी असायची, कपाळावर केस चिकटलेले. "मला भूक नाहीये," म्हणायची.

"मग? नसायची ना तुला भूक?"

"अरे बाबा, पहाटे चारपासून पंधरा किलो कांदा कापलेल्या बाईला भूक नसेल? कढईत उरायचं काय? तूच तर डाव वाजवत फिरायचास, बघा, थेंब उरला नाही, थेंब उरला नाही म्हणून."

मी हातातला काटा खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "म्हणजे तू माझा पोर्कोल्त..."

"कालचा घास सोडला तर आज पहिल्यांदा खातेय," ती म्हणाली, अगदी साधेपणाने, मीठ मागावं तसं. "हॉस्पिटलात पडल्या पडल्या वाटायचं, मरायच्या आधी एकदा चाखून तरी बघावा. लोक एवढं काय कौतुक करतात ते."

मला इतका राग आला की मी टेबलावर हात आपटला. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतंस का? एक शब्द नाही बोलता आला?"

"तू इतका खुश असायचास रे," ती म्हणाली. "आणि आता ओरडू नकोस. मी जेवतेय."

मी उठून अंगणात गेलो. राग कुणाचा आला होता? तिचा नव्हताच. दीडशे माणसांना मी नावानिशी विचारायचो, कसा झालाय, अजून वाढू का. गावच्या नोटरीला दोनदा, पाद्रीबाबांना तीनदा. आणि जी उत्तर द्यायची 'भूक नाही', तिच्या उत्तरावर मी लगेच विश्वास ठेवायचो, कारण तो ठेवायला सोपा होता. मला शरम वाटली. जन्मात कधी वाटली नव्हती एवढी. चूळ भरली, तोंड धुतलं आणि परत आत आलो.

माझं ताटही निम्मं संपलं होतं.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"मीठ कमी आहे. कांदा जाड राहिला." तिने आणखी एक घास घेतला. "पण छान आहे. लोक उगीच नाही म्हणत."

निम्मं ताट तिने मला परत सरकवलं आणि मी ते खाल्लं. दुपारी झोपली ती शांत झोपली. मी फ्रीजरमधून आणखी अर्धा किलो काढून ठेवलं आणि संध्याकाळी कांदा कापायला बसलो. या वेळी एकाला नऊ मिनिटं लागली. रात्री पुन्हा जेवली.

सोमवारी सकाळी आम्ही गाडीने निघालो. हॉस्पिटलच्या त्या लांब बोळात ती माझा दंड धरून चालत होती आणि तिची बोटं गार पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर चढायला सांगितलं. मी तिच्या मागे उभा राहिलो. काटा हलला, मागे आला, पुन्हा हलला, आणि थांबला. बेचाळीस किलो आठशे.

"अर्धा किलो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विल्मा काकू, काय खाल्लंत?"

विल्माने माझ्याकडे बोट दाखवलं. मला बोलायचं होतं, एक चमचा तेल, दोन चमचे पाणी, दहापर्यंत मोजायचं, सगळं सांगायचं होतं. पण मी त्या दोघींसमोर म्हाताऱ्या बैलासारखा उभा राहून रडलो. डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि दाखल करून घ्यायचा अर्ज उचलून खणात टाकला. महिन्याने या, म्हणाल्या.

विल्मा काट्यावरून उतरली, शाल नीट केली, आणि माझ्या कोटाची बाही ओढली.

"चल रे लवकर," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."